गुरुवारची वीज

पुणेकराला गुरुवार वेगळा सांगावा लागत नाही. नळाला पाणी नसलं की गुरुवार, आणि सकाळी दहाला पंखा बंद पडला की तर नक्कीच गुरुवार. दोन्हींचं कारण एकच, देखभाल-दुरुस्ती. इतक्या गुरुवारी इतकी दुरुस्ती झाल्यावर हे शहर एव्हाना नवंकोरं व्हायला हवं होतं, असं हे म्हणायचे. हे म्हणजे माझे यजमान. भूगोलाचे शिक्षक होते, आणि जिभेला धार होती.

पूर्वी मला गुरुवारचं काही वाटायचं नाही. बुधवारी पिंप आणि बादल्या भरून ठेवायच्या, गुरुवारी दुपारी वर्तमानपत्रानं वारा घेत पडायचं, की झालं. पण ह्यांच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि बुधवारी संध्याकाळी मोबाईलवर ‘उद्या आपल्या भागातील वीजपुरवठा बंद राहील’ असा मेसेज आला की माझी रात्रीची झोप उडायला लागली.

ते मशीन ह्यांच्या पलंगाशेजारी असायचं. उंचीला स्टुलाएवढं. खोलीतलीच हवा आत ओढायचं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि नळीतून ह्यांच्या नाकात सोडायचं. दिवसरात्र घरघर चालू. पहिले काही दिवस त्या आवाजानं मला झोप येईना, आणि पुढे तो आवाज असल्याशिवाय झोप येईना. वीज गेली की ते लांब, चिरक्या आवाजात ओरडायचं. घरात जुना इन्व्हर्टर होता. त्याच्यावर मशीन चालायचं, पण बॅटरी थकलेली. कधी दुपारपर्यंत टिकायची, कधी भात होईपर्यंतही नाही. त्याच्यापुढे मग पॅसेजमधलं ऑक्सिजनचं सिलेंडर. त्यामुळे गुरुवारी मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचे, तेही सुटलं. इन्व्हर्टरच्या दिव्याकडे बघत बसायचं, हाच माझा गुरुवार.

‘‘लोक गुरुवारी अन्नाचा उपास धरतात,’’ हे म्हणायचे, ‘‘मी हवेचा धरतो.’’

मला असलं बोलणं खपायचं नाही. मी चिडायचे, आणि चिडले की ह्यांना बरं वाटायचं. बहुतेक त्यासाठीच बोलायचे.

सोलरचं खूळ माझ्या डोक्यात नाशिकच्या लेकीनं घातलं. सरकार घरावरच्या सोलरला अनुदान देतंय, आई, तुमची गच्ची रिकामीच आहे, करून टाका. आमचं घर बिबवेवाडीत, शिक्षकांच्या जुन्या सोसायटीतलं. खाली दोन खोल्या, वर एक आणि त्याच्यावर स्वतःची गच्ची. मला बिलाशी फारसं घेणं नव्हतं, मशीनमुळे ते फुगलं होतं तरीही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. वर ऊन, उन्हात पॅनेल, पॅनेलची वायर थेट घरात. मधे बोर्ड येतंच कुठं? बोर्डानं खुशाल लाईट घालवावी. मला गुरुवारपासून सुटायचं होतं.

माहिती घ्यायला जो आला तो अमरावतीकडचा, तिशी ओलांडलेला, पुण्यात येऊन स्वतःचा धंदा थाटलेला. बोलायला गोड. त्यानं विजेचं बिल पाहिलं, गच्ची मोजली आणि मग खोलीच्या दारात उभा राहून मशीनकडे पाहिलं.

‘‘काकू, हे दिवसरात्र चालते काय?’’

‘‘दिवसरात्र.’’

‘‘मग सहा पॅनेल लागतात. तुमचं घर तर दोन पॅनेलवर आरामात चालून जाईल. बाकीचे चार या मशीनसाठी समजा.’’ दिवसा जास्तीची वीज बोर्डाला जाते, रात्री तेवढी परत मिळते, असंही त्यानं समजावलं. मग अभिमानानं म्हणाला, ‘‘आणि पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे, काका.’’

हे उशीला टेकून ऐकत होते. ‘‘कुणाची?’’

‘‘पॅनेलची.’’

‘‘तरीच.’’

तो हसला नाही, बिचारा. मलाही हसू आलं नाही. तो गेल्यावर हे म्हणाले, ‘‘अगं, कशाला ही यातायात? पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू घरात आणायचं वय राहिलं का आपलं?’’ मी म्हटलं, ‘‘मला पंचवीस वर्षं नकोत. मला गुरुवार हवेत.’’ त्यावर उशाचं वर्तमानपत्र उघडलं. होकार समजायचा तो.

मग सुरू झाली यातायात, आणि ती खरोखरच यातायात होती. योजना केंद्राची, अर्ज पोर्टलवर, मीटर बोर्डाचं, कर्ज बँकेचं आणि हेलपाटे माझे. मी स्वतः एका सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे अर्ज परत आला म्हणून मला राग येत नाही. तो का परत आला हे कुणी सांगत नाही, त्याचा येतो. बिलावर ह्यांच्या नावाची नुसती आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव, एवढ्यावरून अर्ज लटकला. बोर्डाच्या ऑफिसात गेले की साहेब मीटिंगला. साहेब असले की पोर्टल बंद. एकदा दोन्ही जागेवर होते, तर तिथलीच लाईट गेली होती. गुरुवार नव्हता तरी. प्रत्येक वेळी ह्यांच्याजवळ कुणाला तरी बसवून जायचं. बहुतेक वेळा शेजारच्या आपा यायच्या. आपा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्यांच्या मिस्टरांचं कॅम्पात चपलांचं दुकान होतं, आता मुलगा चालवतो. आपा यायच्या, खुर्चीत बसून लसूण सोलायच्या आणि ह्यांच्याशी क्रिकेटवर वाद घालायच्या. मी रिक्षातून परत येताना सिग्नलला डोळे मिटून घ्यायचे. इतकी दमायचे की काम झालं की नाही हेसुद्धा घरी पोचेपर्यंत मनात येत नसे.

भाद्रपद सरता सरता पॅनेल चढली. गणपती गेले, पितृपक्ष आला. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणू नये म्हणून दोन-तीन जणींनी मला ऐकवलं. मी म्हटलं, पोर्टलला सांगा.

आणि मग ती फोटोची भानगड निघाली. अनुदान हवं तर ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचा पॅनेलशेजारी उभा राहून फोटो लागतो. माझा चालणार नाही, ह्यांचाच हवा, आणि गच्चीवरच हवा. मी फोनवर त्या अमरावतीकराशी कडाकडा भांडले. अहो, माणूस पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा थांबतो, त्याला गच्चीवर कसं नेऊ? तो तरी काय करणार. ‘‘नियमच तसा आहे काकू,’’ म्हणाला.

हे मात्र लगेच तयार झाले. दाढी केली. पांढरा शर्ट मागितला, शाळेच्या निरोप समारंभातला. सिलेंडर पाठोपाठ घेऊन अमरावतीकर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कठडा. दर दोन पायऱ्यांना थांबत वर गेलो. गच्चीवर आल्यावर ह्यांनी कितीतरी वेळ नुसतं आकाशाकडे पाहिलं. आजारी पडल्यापासून ते वर आलेच नव्हते. मग सवयीनं दिशा तपासल्या. पॅनेलची तोंडं दक्षिणेला आहेत याची खात्री करून घेतली आणि त्या पोराला कर्कवृत्त आणि सूर्याचा कल यावर धडा दिला, धापा टाकत टाकत. त्यानंही उभ्यानं ऐकला.

‘‘यातली माझी चार कुठली?’’ ह्यांनी विचारलं.

‘‘कुठलीही समजा, काका.’’

‘‘असं कसं? ही पुढची चार माझी. मागची दोन हिची.’’ आणि आपल्या चारांपैकी एकावर हात टेकून उभे राहिले. नाकातली नळी काढू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाले. फोटो काढल्यावर त्या पोरानं मोबाईल दाखवला. फोटोच्या खाली त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप छापून आले होते, तसा नियमच होता म्हणे. हे इतके खूश झाले की काय सांगू. ‘‘जन्मभर हे फळ्यावर लिहिले,’’ म्हणाले, ‘‘आता स्वतः त्यांच्यावर उभा राहिलो.’’ खाली उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि संध्याकाळभर ओठ निळसर होते. पण तो दिवस चांगला गेला, असंच मी म्हणेन.

नवरात्रात बोर्डाचं नवं मीटर बसलं आणि आमची वीज सुरू झाली. खंडेनवमीला मी हत्यारं पुजायला काढली. विळी, अडकित्ता, ह्यांची पृथ्वीगोलाची जुनी प्रतिकृती. पॅनेलची वीज घरात आणणाऱ्या, भिंतीवरच्या पेटीलाही झेंडूची माळ घातली. हे पलंगावरून म्हणाले, ‘‘आणि मशीनला?’’ मी मशीनवर एक फूल ठेवलं. हळद-कुंकू लावायला गेले तर म्हणाले, ‘‘जपून. जाळीत गेलं तर मला हळदीकुंकवाचाच श्वास घ्यावा लागेल.’’

त्याच साफसफाईत मी जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी भंगारवाल्याला देऊन टाकली. आज लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बॅटरीवाल्यानं कधीचंच सांगितलं होतं की ही संपली. नवी घ्यायची कशाला, वर सूर्य असताना? रात्रीचा विचार केला नाही असं नाही. पण रात्री लाईट क्वचित जाते, गेली तर सिलेंडर आहे. माझी भीती दिवसाची होती, गुरुवारची होती, आणि दिवसाची सोय मी केली होती. ती अवजड बॅटरी भंगारवाल्यानं हातगाडीवर टाकली तेव्हा माझ्या डोक्यावरचंच ओझं गेल्यासारखं वाटलं. जमिनीवर तिचा चौकोनी डाग राहिला होता, तो मी घासून काढला.

दसऱ्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी मेसेज आला. मी वाचला आणि मोबाईल उपडा ठेवला. त्या रात्री मी किती दिवसांनी गाढ झोपले.

गुरुवारी आभाळ स्वच्छ होतं. ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. मी तर देवळात जायचं ठरवलं होतं. साडी नेसले होते, आपांना बसायला बोलावणार होते. दहाच्या सुमारास पंखा मंदावला, थांबला. मशीन ओरडायला लागलं.

मी म्हटलं, ‘‘येईल हं आता.’’

मला वाटलं, गच्चीवरची वीज यायला क्षणभर लागत असेल. मी निऱ्या सारख्या करत उभी राहिले. हे पंख्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. मशीन ओरडतच होतं. खिडकीबाहेर भिंतीवर ऊन नुसतं चकाकत होतं, आणि घरात एक दिवासुद्धा लागेना. ह्यांची छाती वरखाली व्हायला लागली, गळ्यापाशी खड्डा पडायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की येणार नाही. काहीही येणार नाही.

सिलेंडर ओढून आणलं, चावी फिरवली, नळी बदलली. पण काटा बघितला तर तळाशी. गच्चीवरच्या फोटोला तेच नेलं होतं, आणि नंतर मी ते भरून आणलंच नव्हतं. सूर्याच्या भरवशावर. मी मागच्या दारानं अंगणात धावले आणि भिंतीवरून आपांना हाक मारली. हाक कसली, किंकाळीच ती.

आपांच्या घरी इन्व्हर्टर होता, चांगला, नवा. त्यांनी काही विचारलं नाही. ‘‘भाभी, वायर धरा,’’ एवढंच म्हणाल्या आणि त्यांची मिक्सर लावायची लांब एक्स्टेंशन वायर भिंतीवरून टाकली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढून मी पलंगापर्यंत आणली. मशीन पुन्हा घरघरायला लागलं. आपा मागोमाग आल्या, पदरानं ह्यांचा घाम पुसला आणि जमिनीवरच बसल्या. मी देवळाची साडी नेसून दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मला रडू येत नव्हतं, नुसती शरम वाटत होती आणि संताप आला होता.

ह्यांच्या नखांवर रंग परत आल्यावर मी अमरावतीकराला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

‘‘काकू, बोर्डाची लाईन गेली की आपली सिस्टीम पण बंद होऊन जाते. ते तसंच बनवलेलं राहते,’’ तो म्हणाला. ‘‘गुरुवारी बोर्डाचे लोक खांबावर चढून काम करून राहिले असतात ना. तुमची वीज लाईनमध्ये गेली तर त्यांना शॉक बसेल. अनुदानवाली सिस्टीम अशीच असते. इन्व्हर्टर वेगळाच ठेवावा लागते. मला वाटलं तुमच्याकडे आहे. मी तर पाहिला होता.’’

खरंच, त्यानं पाहिला होता. तो फोन स्पीकरवर होता, ह्यांनी सगळं ऐकलं होतं. मला अजूनही कुणावर तरी ओरडायचं होतं. त्या पोरावर, बोर्डावर, पोर्टलवर, उन्हावर. ह्यांनी हातानं मला जवळ बोलावलं. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, ‘‘बरोबर आहे. खांबावरच्या माणसालाही बायको असेल.’’

मी त्यांच्या पायाशी बसले आणि तेव्हा रडले.

पुढे अनुदान आलं. मेसेज आला तेव्हा हे म्हणाले, ‘‘सरकारला माझा फोटो आवडला.’’ नवा इन्व्हर्टर आणि बॅटरी आम्ही आधीच घेतली होती, आलेले पैसे तिच्यात गेले. तिचा डाग जमिनीवर पुन्हा त्याच जागी पडला. मी पुन्हा गुरुवारी घरी थांबायला लागले. फरक इतकाच की आता दिव्याकडे बघत बसत नव्हते, ह्यांच्याकडे बघत बसायचे. गप्पा मारायचो. कित्येक वर्षांत मारल्या नव्हत्या इतक्या.

होळीच्या आधी हे गेले. सोमवार होता. लाईट होती, बाहेर लख्ख ऊन होतं, मशीन व्यवस्थित चालू होतं. ज्या ज्या गोष्टीची मी धास्ती घेतली होती त्यातलं काहीही त्या दिवशी घडलं नव्हतं. मशीन बंद करायचं कुणाच्या लक्षात येईना. शेवटी आपांनी बटण दाबलं.

भिंतीवर लावायला फोटो शोधला तर अलीकडचा एकच निघाला, गच्चीवरचा. फ्रेमवाला म्हणाला, मागचं पॅनेल काढून टाकतो आणि खालचे आकडेही पुसतो. मी म्हटलं, काही पुसू नका. आता ते पांढऱ्या शर्टात, नाकात नळी, हात पॅनेलवर आणि पायाखाली अक्षांश-रेखांश, असे हॉलमध्ये आहेत. येणारे जाणारे चमकतात. चमकू देत.

उन्हाळ्यात तो अमरावतीकर येऊन गेला, पेटी तपासायला. मोबाईलमध्ये बघून एकदम खूश झाला. ‘‘काकू, तुमच्याकडे तर वीज उरून राहिली! केवढी जास्तीची चालली बोर्डाला.’’ मी विचारलं, ती जाते कुठं? ‘‘जवळच्या घराला आधी,’’ म्हणाला, ‘‘या बाजूच्यांकडेच समजा.’’ मग त्याची नजर रिकाम्या पलंगाकडे गेली आणि त्याला कळलं आपण काय बोललो ते. मी त्याला चहा दिला. त्याची काही चूक नव्हती. आपांकडे जात असेल तर चांगलंच आहे.

पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते, अधूनमधून धूत जा, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बुधवारी संध्याकाळी मेसेज आला की मी अजूनही पिंप आणि बादल्या भरते, उद्या पाणी नसतं म्हणून. मग एक बादली आणि फडकं घेऊन वर जाते. गुडघे दुखतात, दर दोन पायऱ्यांना थांबावं लागतं. माझी दोन आधी धुते, पटापट. मग ह्यांच्या चारांकडे वळते. माझं एकटीचं त्या दोनांत पुरून उरतं, ही चार आता कुणासाठी ते मला माहीत नाही. पण पंचवीस वर्षं टिकणार आहेत म्हणे, आणि ती मळलेली मला बघवत नाहीत.